सहा पायांचा नंदी

"तुहा जनावर पास झाला बे, हेमराज," असं प्रफुल्ल म्हणाला तेव्हा हेमराज दुपारची बॅच सोडून, हाताला लागलेला खडू पँटीला पुसत बाहेर येत होता, आणि त्याला आनंद झाला नाही. पकडलो गेलो, एवढंच त्याला त्या क्षणी वाटलं. मग प्रफुल्लचं हसणं दिसलं, पडद्यावरचं इंग्रजी पत्र दिसलं, त्यातलं अभिनंदन दिसलं, आणि चार लोक अशा वेळी हसतात तसा तोही हसला. भंडाऱ्याच्या बसस्टँडमागे दोघांनी मिळून काढलेला हा कॉम्प्युटर क्लास. दोघांचा मिळून एकच इंटरनेट, त्यामुळे एकाचं पत्र दुसऱ्याने आधी वाचणं नेहमीचंच. पत्रात लिहिलं होतं की जगभरातून आलेल्या हजारो प्राण्यांतून निवडलेल्या चाळिसांत तुमचा एक आहे. सप्टेंबरात गेम बाजारात येईल तेव्हा तो त्यात असेल, हिंडेल, चरेल, पिल्लं घालेल. आणि खाली एक रिकामा चौकोन होता. प्राणी घडवणाऱ्याचं नाव, गेममध्ये जसं दिसावं तसं. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला संधी देऊ. "टाक ना नाव," प्रफुल्ल म्हणाला, "इचार कराले काय आहे त्याच्यात?" हेमराज म्हणाला, "टाकतो. पहिले चहा पिऊन येऊ." चहा पिऊन आले तेव्हा लाईन गेली होती, आणि लाईन गेल्याचा एवढा आनंद त्याला जन्मात कधी झाला नव्हता.

तीन वर्षं तो या गेमची वाट पाहत होता. एकतीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, दिवसभर लोकांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाने ही गोष्ट चारचौघांत सांगावी अशी नव्हती, म्हणून तो गेमचं नावसुद्धा कुणापुढे घेत नसे. एका मासिकात त्याने पहिल्यांदा वाचलं होतं. पाण्यात पोहणारा एक ठिपका घेऊन सुरुवात करायची. तो खातो, वाढतो. त्याला आपण डोळा द्यायचा, तोंड द्यायचं, मग पाय. त्याची पिल्लं त्याच्याहून थोडी वेगळी, पिल्लांची पिल्लं आणखी वेगळी, असं करत करत एक दिवस ते जमिनीवर येतात, कळप करतात, बोलायला लागतात. कंपनी म्हणायची पुढच्या वर्षी, आणि पुढचं वर्ष आलं की म्हणायची पुढच्या वर्षी. मंजुषा, त्याची बायको, एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली होती, "पोट्टे दिवारीची वाट पाह्यते, तुम्ही त्या खेयाची पाहून राहिले." तो रागावला नाही. खरं तर ती वाट पाहणंच त्याला आवडत होतं. बाजारातून जाताना तो माणसांना मनातल्या मनात शेपट्या लावून पाही, भाजीवालीला लांब मान देई, वीजबिल घेणाऱ्या क्लार्कला आठ हात देऊन तरी तो लवकर आटोपतो का ते पाही. अशा वेळी तो हलका होऊन घरी येई आणि मंजुषाला वाटे, आज क्लासमध्ये नवे विद्यार्थी आले असावेत.

आणि तो हलकेपणा या जूनमध्ये गेला. गेम येण्याआधी कंपनीने त्यातला एक तुकडा लोकांना देऊन टाकला होता, नुसते प्राणी घडवण्याचा. आपल्या लाईनवर तो उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. एका रविवारी क्लासचं शटर अर्धं ओढून हेमराज त्याच्यापुढे बसला, आणि तीन वर्षं ज्याने भंडाऱ्याच्या अर्ध्या बाजाराला शेपट्या लावल्या होत्या त्याला तासभर काही सुचलं नाही. पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखं एक अंग, आणि तो नुसता पाहतोय. मग हाताने आपोआप ते अंग लांब ओढलं, दोन्ही टोकांना निमुळतं केलं. पाठीवर एक गोल फुगा ठेवला. खाली चार पाय लावले, आणि अंग अरुंद म्हणून ते डोललं, तेव्हा आणखी दोन. सहा पायांवर ते उभं राहिलं. हेमराजला भरून आलं. आपल्या आत हे इतकी वर्षं होतं, असं त्याला वाटलं, आणि तो पूर्ण दिवस तो खरंच सुखी होता. दुसऱ्या दिवशी त्याने प्राण्याला चालायला लावलं. तीन पावलं टाकली की मधला पाय पुढच्या पायाला लागे आणि तो अडखळे. ते अडखळणं पाहताच हेमराजला आठवलं, हा मागावरचा धोटा आहे. पाठीवरचा फुगा म्हणजे रेशमाचा कोसा, आणि खालच्या सहा कांड्या. हा धाकट्या बहिणीचा, रेणूचा नंदी आहे. आठवलं तेव्हा कंपनीने ठेवलेल्या स्पर्धेसाठी प्राणी पाठवून झाला नव्हता. ही गोष्ट तो पुढे स्वतःपासून लपवायला फार धडपडला, पण ती तशीच होती. आठवलं, आणि चार दिवसांनी त्याने तो पाठवला.

आंधळगावला त्यांच्या घरात तेव्हा दोन माग होते. वडील सेवकराम कोशाची लुगडी विणत, आई दुर्गाबाई आणि रेणू कांड्या भरत. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसणारी बोटाएवढी लाकडी नळी, तिच्यावर सूत गुंडाळलेलं. धोटा इकडून तिकडे पळतो आणि कांडीतलं सूत सोडत जातो. हेमराज अकरा वर्षांचा, रेणू नऊची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा. लाकडी नंदीला चाकं, नंदीला दोरी, आणि सगळी पोरं मारुतीच्या देवळापुढे रांगेत. त्यांच्या आळीत तेव्हा मुली रांगेत उभ्या राहत नसत. त्या आयांबरोबर मागे उभ्या राहून पाहत. त्या सकाळी हेमराजच्या नंदीचा पाय मोडला. तो ओट्यावर बसून रडत होता, आणि रेणू घरात गेली ती दोन तास बाहेर आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात ते होतं. फुटका धोटा, त्याचं अंग. वशिंडाच्या जागी पाखरू उडून गेलेला पोकळ कोसा. डोळ्यांना गुंजा, शिंगांना फणीच्या मोडक्या काड्या. खाली सहा पाय. "साहा काहून?" हेमराजने विचारलं होतं. "चारावर डोलते थो," रेणू म्हणाली होती, "साहावर हालत नाई." प्रत्येक पाय म्हणजे एक कांडी होती, आणि त्या रिकाम्या नव्हत्या. नव्या लुगड्याच्या काठासाठी आईने सकाळीच भरलेल्या होत्या, केशरी सुताच्या, म्हणून नंदीचे पाय भरदार आणि सुरेख दिसत होते.

देवळापुढे शाळेचे गुरुजी रांगेतून चालत आले. सगळे नंदी चार पायांचे, रंगवलेले, काही तर बापाच्या कमरेएवढे. गुरुजी हेमराजपुढे थांबले, वाकले, चष्मा वर केला आणि पोटभर हसले. "हे कोनं बनवलं बाबू?" हेमराजने मागे पाहिलं. रेणू आईच्या पदराआडून टाचा उंचावून पाहत होती. पुढे वीस वर्षं त्याला ते मागे वळून पाहणं आठवत होतं, कारण त्याचा अर्थ एवढाच होता की खरं उत्तर त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "मी." बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. गुरुजींनी तो भांडेवाल्याकडून नाव टाकूनच दिला, कटकट कटकट ठोकून, चि. हेमराज, तान्हा पोळा, प्रथम. रेणूने टाळ्या वाजवल्या. आणि संध्याकाळी, काठाच्या कांड्या सापडेनात तेव्हा, आईने तिला बदडलं, तेही धोट्यानेच. हेमराज बाहेर पोरांबरोबर दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे मागत होता; घरी आला तेव्हा रेणू न जेवता झोपलेली होती. वडिलांनी ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लुगडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितली. माह्या पोराचं डोकं पाहा म्हणत, धोट्याचा नंदी केला यानं. सांगून सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली. म्हणूनच घरात एकाला कॉम्प्युटर शिकवायचं ठरलं तेव्हा कुणाला, असा प्रश्नसुद्धा निघाला नाही. रेणू तोवर दहावी होऊन काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर इतकी सुंदर काढत होती की वडील तिच्यावरूनच विणत. पण ते घरातलं काम होतं, त्याला कुणी डोकं म्हणत नसे. लग्नात आईने तिला जी भांडी दिली त्यांत तो डबाही गेला. डबा चांगला आहे, कायले घरी ठेवाचा, आई म्हणाली होती. तर रेणू तिच्या सासरी, आसगावला, हेमराजच्या नावाचा डबा घेऊन गेली.

पत्र आल्यानंतर तिसऱ्या दिवशी राखी होती. रेणू आंधळगावला आली, त्याला ओवाळलं, आणि त्याने तिला एरवीपेक्षा फार भारी लुगडं दिलं. चोराच्या मनात चांदणं. ती लुगड्याची घडी उलटवून म्हणाली, "येवढं कायले, दादा?" आणि काठ बोटाने चाचपू लागली, कुणाच्या मागावरचं असेल ते ओळखायला. त्याने सांगायचं ठरवलं होतं. आई आत होती, मग मंजुषा बाहेर आली, मग जेवणं झाली, मग रेणूची गाडी आली. सांगायला तोंड उघडावं, आणि तो म्हणायचा, पाणी दे. त्यानंतरचे पंधरा दिवस त्याने गेमचं एक अक्षर वाचलं नाही. प्रफुल्ल रोज विचारी, "टाकलं का बे नाव?" तो म्हणे, उद्या. इतकी वर्षं ज्या तारखेकडे तो डोळे लावून होता ती जवळ येत होती आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं. आपलं नाव टाकलं तर प्राणी दिसेल तिथे नाव दिसेल. रेणूचं टाकलं तर आधी रेणूला सांगावं लागेल. शेवटी महिन्याच्या अखेरच्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्याच सकाळी, पोरं रोगराईला गावाबाहेर हाकलत "घेऊन जा गे मारबत" ओरडत रस्त्याने गेली, आणि त्यांच्या मागोमाग तो निघाला. प्रफुल्लने त्या प्राण्याचा रंगीत कागद काढून दिला होता. तो त्याने चार घड्या करून खिशात ठेवला.

पवनीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. वाटेतलं कोंढा गाव गेलं, दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, रोवणे होऊन महिना झालेला, सगळं हिरवंगार. काल सजवलेल्या बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता. हेमराज मनात वाक्यं जुळवत होता. रेणू, एक गंमत सांगतो. छे, गंमत कसली. रेणू, तुझं नाव जगभर होणार. हे बरं होतं, पण यात आपणच देणारे झालो, आणि देणारा चोर कसा असेल. खरं एवढंच होतं की त्याला हलकं व्हायचं होतं. एकदा सांगून टाकलं की परत त्या तारखेकडे बघता येईल, पहिल्या दिवशी गेम आणता येईल, पाण्यातल्या ठिपक्यापासून सुरुवात करता येईल, आणि वाटेत कुठेतरी सहा पायांचा एक प्राणी भेटला तर त्याच्याकडे बघून हसता येईल. पवनीला उतरून आसगावची गाडी धरेपर्यंत त्याने इतकं ठरवलं होतं की पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं पाठ झालं होतं.

रेणू मागच्या ओसरीत बसून लेकीच्या नंदीच्या शिंगांना बेगड लावत होती. आता मुलीही रांगेत उभ्या राहतात. "दादा? राखीले तं भेटलो आपन," ती उठत म्हणाली. "सगळं बरं आहे ना? माय बरी आहे?" "बरी आहे. असाच आलो." रेणूचे यजमान धनीराम कापडाच्या दुकानात होते. सात वर्षांची तृप्ती "मामाजी" म्हणून पाया पडली आणि पुन्हा नंदीपाशी बसली. रेणूने पाणी दिलं, आत गेली, आणि करंज्या घेऊन आली त्या त्याच डब्यातून. पुढ्यात डबा ठेवला तर नाव त्याच्याच बाजूला आलं. वीस वर्षं घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती. हेमराजने एक करंजी खाल्ली, दुसरी हातात धरली, पाऊस कसा आहे विचारलं, धानाचं विचारलं, धनीरामांच्या गुडघ्याचं विचारलं. मग ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवायचं असं त्याला वाटलं आणि त्याने खिशातला कागद काढून तिच्यापुढे उलगडला.

रेणूने पदराला हात पुसले आणि कागद घेतला. क्षणभर तिला कळलं नाही. मग तिचा चेहरा असा उजळला की हेमराजला खाली बघावं लागलं. "अगे बाई, हा तं तुहा नंदी होय. तृप्ते, इकडे ये, पाह्य. मी सांगत नाई का तुले, मामाजीनं धोट्याचा नंदी बनवला होता म्हून? हा पाह्य थो." तृप्तीने पाहिलं आणि विचारलं, "साहा पाय काहून आहे याले?" "चारावर डोलते ना थो," रेणू म्हणाली, आणि कागद जवळ धरला. तिच्या कपाळावर एक आठी आली. "पन दादा, हा चालन कसा? हा मधला पाय पुढच्याले लागते. थोडा बाहीर पाह्यजे अन् थोडा मांगं. इथं." तिने नखाने कागदावर खूण केली. जूनमध्ये रोज क्लास सुटल्यावर बसून जे हेमराजला जमलं नव्हतं ते ती बेगडाने माखलेल्या बोटाने दाखवत होती.

"रेणू," तो म्हणाला, "थो मी नोहोता बनवला. तू बनवला होता."

ती हसली. "मी? मी तं कांड्या देल्या होत्या तुले, मायच्या चोरून."

"कांड्या तू आनल्या, पाय तू लावले, डोये तू लावले. मी नुसती दोरी धरली होती. गुरुजीनं इचारलं तं मी माहा नाव सांगतलं." आणि मग त्याने सगळं सांगितलं. गेम काय आहे, प्राणी कसा पाठवला, तो कसा निवडला गेला, रिकामा चौकोन, आजचा शेवटचा दिवस. बोलताना त्याला स्वतःचा आवाज फार समजूतदार वाटला. "तर नाव तुहं टाकतो," त्याने शेवट केला. "तुहंच आहे थे."

"कोन्तं नाव टाकशीन?" रेणूने विचारलं. "माहेरचं का सासरचं?"

याचा त्याने विचार केला नव्हता. रस्त्यावरून पोरांच्या नंदींची चाकं खडखडत देवळाकडे चालली होती. तृप्ती दोरी ओढत दारापर्यंत गेली आणि आईची वाट पाहत थांबली. रेणू कागदाकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरत होता, आणि हेमराजला वाटलं आता ती रागावेल, आणि रागावली तर फार बरं होईल.

"मायनं मले मारलं होतं त्या कांड्यांपाई," ती म्हणाली. "धोट्यानं. आठोते तुले?"

"आठोते."

"तिनं सतरा वेळा इचारलं, कोनं नेल्या. मी बोलली नाई." तिने कागदाची घडी पुन्हा घातली, जशी होती तशी. "मले वाटे, दादापाई मी येवढं तं केलं. इथं लग्न होऊन आली, सासू बोले, मी थेच आठवत जावो. मी दादापाई मार खाल्ला अन् तोंडातून शब्द नाई काहाडला. तुले कालेजात पाठोलं तवा बी मले वाटलं, याच्यात माहा काही हात आहे." तिने घडीवरून नख फिरवलं. "तं थो मार माहाच होता म्हन, दादापाई नोहोता."

हेमराजला म्हणायचं होतं, बनवलास तर माझ्यासाठीच ना, मारही मग माझ्यासाठीच. पण तेही पुन्हा स्वतःच्याच सोयीचं बोलणं झालं असतं, आणि रेणूच्या नजरेसमोर त्याला ते बोलवलं नाही. आपण तिच्यासाठी आलो नव्हतो, गेमसाठी आलो होतो, हे त्याला आता नीट कळलं. तो तिच्या घरात येऊन तिच्याजवळ जे होतं ते घेऊन चालला होता आणि बदल्यात तिला असं काही देत होता जे तिला नको होतं. नाव तो तिचंच टाकणार होता, चारच्या गाडीने गेलं तर क्लास बंद व्हायच्या आत पोचता येईल, पण त्याने काही परत जागेवर जाणार नव्हतं.

"आई, चाल ना," तृप्ती दारातून म्हणाली. रेणू उठली. तिने राहिलेल्या करंज्या मोजल्या नाहीत, सगळ्या डब्यात भरल्या, झाकण हाताने दाबून लावलं आणि डबा हेमराजपुढे धरला.

"वहिनीले दे," ती म्हणाली. "डबा वापस पाठवू नोको. तुहंच नाव आहे त्याच्यावर."

हेमराजने तो दोन्ही हातांनी घेतला. रेणूने लेकीच्या हातातली दोरी नीट केली आणि दोघी देवळाकडे निघाल्या.